कागदावर ठेवलेलं टोपण

मोबाइलशी माझा सुरुवातीपासून छत्तीसचा आकडा. शिवणकाम करणारी बाई मी, नागपुरात इतवारीच्या मागच्या गल्लीत समोरच्या खोलीत खिडकीला लागून माझी मशीन, आणि मशीनवर बसलं की अख्खं घर डोळ्यांसमोर. कोण उठलं, कोण लोळलं, कोणी दूध न पिता बेसिनमध्ये ओतलं, सगळं दिसतं. त्यामुळे दहावीतली माझी लेक हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजले की स्टीलच्या गिलासाला मोबाइल टेकवून, व्हिडिओ कॉल लावून अभ्यासाला बसायला लागली, ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. चार दिवस मी तोंड शिवून घेतलं. माझ्या स्वभावात ते बसत नाही, तरी घेतलं.

पाचव्या दिवशी नाही राहवलं. लग्नसराईचे ब्लाऊज अंगावर पडलेले, गिऱ्हाईक दाराशी येऊन बोलून गेलेली, डोकं आधीच फिरलेलं. उठले आणि तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"दहावीचं वर्ष आहे वं तुझं. लोकाच्या पोरी क्लासले जाऊन राहिल्या आणि तू मैत्रिणीचे तोंडं पाहत बसते? अभ्यास करून राहिली का पार्टी करून राहिली?"

लेकीनं वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मला गप्प राहायला सांगते कार्टी, माझ्याच घरात. मी तो मोबाइल उचलणारच होते, तेवढ्यात माझं लक्ष पडद्यावर गेलं.

तोंड एकाही पोरीचं नव्हतं. पडद्यावर चौकोन होते आणि प्रत्येक चौकोनात एक वही, एक हात आणि एक पेन. एका हातात काळा धागा, एका हाताच्या नखांवर अर्धी उडालेली नेलपॉलिश, एक हात चांगला गुबगुबीत. सगळे पेन जागच्या जागी थांबलेले. माझा आवाज तिकडे सगळ्या घरांत पोचला होता, त्यामुळे ते हात भिऊन थांबले होते. मग तो गुबगुबीत हात हळूच वर आला आणि माझ्याकडे पाहून हलला. नमस्कार म्हणावा तसा. मी काय करणार? मीही आपला हात हलवला आणि मशीनवर येऊन बसले. त्या दिवशी एक बाही उलटी शिवली गेली.

नंतर मधल्या सुटीत लेकीनं सांगितलं. त्यांची सुटीही ठरलेली असते, सहा वाजता दहा मिनिटं.

"तोंड दिसलं का हसू येते आई. म्हणून फक्त हात. बोलणं बंद. कोणी अडलं तर तिनं पेनाचं टोपण काढून कागदावर ठेवायचं, उत्तर अडलं तिथंच. ज्या पोरीले येते तिनं मोठ्या अक्षरात लिहून दाखवायचं."

"आणि बोलायचं काहून नाही?"

"बोललं का गप्पा होते. आणि तिच्याकडे बोलता येत नाही ना. काकू झोपलेल्या राहते."

तिच्याकडे म्हणजे कोणाकडे, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्याच गल्लीत, चौथ्या घरी, वरच्या खोलीत भाड्यानं राहायची ती पोरगी. माझ्या लेकीच्याच वर्गात. बाप कळमेश्वरला कारखान्यात पाळीवर, आई घरीच, माझ्याकडे साडीला फॉल लावायला यायची आणि फॉल लागेपर्यंत बसून बोलायची. बाई बोलकी. मला बोलण्यात हरवणारी गल्लीतली एकच. दिवाळीनंतर तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून सोडल्यावर खोली सोडून कुहीकडच्या गावी गेले, तिथं त्यांचं स्वतःचं घर आहे, शेजारपाजार आहे. बाप आठवड्याच्या सुटीला येणार, बाकीचे दिवस आईचं सगळं पोरीवर. सामान टेम्पोत चढवताना मीच हात लावला होता. आणि त्या दिवशी घरी येऊन मीच म्हटलं होतं, "सुटली बिचारीची शाळा."

शाळा सुटलीच नव्हती. शाळेतून नाव काढलं नव्हतं. बाईंनी परीक्षेला बसायची मोकळीक दिली होती, आणि शिकवण्याचं काम या पोरींनी स्वतःकडे घेतलं होतं. दुपारी फळ्याचे फोटो जायचे. कोणी विज्ञान आपल्या आवाजात भरून पाठवायची, कोणी बीजगणित. पाच वाजता हा हातांचा वर्ग. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. मी लेकीला विचारलं, कोणाच्या डोक्यातून निघालं? तर म्हणे, "काही माहीत नाही. झालं असंच." आमच्या वेळी मैत्रीण गावाला गेली की गेली. मी तर माझ्या दहावीच्या मैत्रिणीचं तोंडही विसरले.

मग मला त्या पाच वाजताची चटक लागली. मशीनवरून मान लांब करून मी पाहत बसायची. सगळ्यात जास्त मजा टोपणाची. एका चौकोनात टोपण पडलं की बाकीचे हात थांबायचे, एखादं पेन हवेत फिरायचं, मग कोणता तरी हात कोरा कागद ओढायचा आणि भूमितीची अख्खी आकृती काढून मोबाइलसमोर धरायचा. पहिला हात पाहायचा, टोपण उचलायचा आणि चालू लागायचा. आभार नाही, वा नाही, काही नाही. मी इतकी वर्षं शिवण शिकवते बायांना, घसा कोरडा होईस्तोवर बोलते, तरी खांद्याचा उतार त्यांच्या डोक्यात शिरत नाही. इथं शब्द न बोलता पायथागोरस चालला होता.

त्यातच त्या नेलपॉलिशवालीची गंमत झाली. मोबाइलला प्रश्न विचारला की तयार उत्तर देणारं काहीतरी असतं, ते सगळ्यांकडे आहे. ती दुसऱ्या मोबाइलमधलं उत्तर पाहून लिहीत होती. लेकीनं मला बोटानं खुणावलं. मला काही कळेना, अक्षर तर सुंदर चाललं होतं. सुटीत म्हणाली, "आई, तिचा हात थांबतच नाही ना. विचार करून लिहिणाऱ्याचा हात थांबते." मी पुन्हा पाहिलं तर खरंच. बाकीचे हात थबकतात, खोडतात, पेन कानाकडे जातं आणि परत येतं. तो एकटा हात सरळ धावत होता. थोड्या वेळानं तीन चौकोनांत तीन टोपणं पडली. तीनही तिच्याकरता. तो हात थांबला, पान फाटल्याचं दिसलं, आणि तिनं नव्या पानावर पहिल्यापासून सुरुवात केली. शाळेतल्या बाईंना जे सापडलं नसतं ते या पोरींनी नुसतं हाताकडे पाहून धरलं, आणि एक शब्द न बोलता सोडूनही दिलं.

कुहीकडचा हात मला लांबून ओळखू यायचा. हळदीची बोटं, मनगटाच्या वर चुलीचा चटका. लिहिता लिहिता तो उठून जायचा आणि परत यायचा तेव्हा ओला असायचा. कागदावर पाण्याचा ठिपका पडायचा, बोट तो पुसायचं आणि पेन पुढं. त्या चौकोनाच्या कोपऱ्यात खाटेची कड आणि हिरव्या चादरीचा तुकडा दिसायचा. चादर कधी हलायची, कधी नाही. एकदा मी मुद्दाम मशीन बंद ठेवली, म्हटलं पोरींना खडखड नको. लगेच तिकडून कागद आला समोर. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "काकू, मशीन चालू ठेवा. आईले त्या आवाजाची सवय आहे, शांत झोपते." गल्लीत होते तेव्हा त्यांच्या वरच्या खोलीपर्यंत माझ्या मशीनचा आवाज जायचा, हे मला माहीतच नव्हतं. मी पाय मारायला घेतले आणि डोळ्यांतून पाणी वाहू दिलं, पुसायला हात रिकामा नव्हता.

परीक्षा जवळ आली तशी एक दिवस तिचा चौकोन काळा राहिला. दुसऱ्या दिवशीही काळा. लेक जेवणावरून उठून जाई. बाकीच्या पोरी रोज पाचला यायच्या, काळा चौकोन तसाच ठेवून लिहीत बसायच्या. त्याला कोणीही काढून टाकलं नाही. मी म्हटलं, फोन करून विचार ना वं. तर म्हणे, "केला. उचलून नाही राहिली."

त्यानंतर एका संध्याकाळी तो चौकोन उजळला. वही नव्हती. एक पान होतं आणि त्यावर एवढंच लिहिलेलं: "मी पेपर नाही देणार. पेपरच्या दिवशी आईपाशी कोण बसन?"

आणि त्या ओळीखाली तिनं टोपण ठेवलं.

माझा पाय मशीनवरून खाली आला. गणित अडलं की टोपण, व्याकरण अडलं की टोपण, आणि आता हे. सगळं माहीत होतं मला. बापाच्या साऱ्या सुट्या दवाखान्यात संपल्या होत्या. शेजारच्या मावशी दिवसभर हरभऱ्याच्या वावरात, वावर घराच्या मागंच, पण बांधावरून खाट थोडीच दिसते. पेपरला नागपुरात यायचं म्हणजे पोरगी सकाळी निघणार ती दुपार कलल्यावर घरी पोचणार. एकटी बाई, अर्धं अंग लुळं, हाक मारायला आवाज नाही. कोणती लेक निघेल? मी असते तर मीही निघाले नसते.

सगळे हात थांबले होते. कोणाचंच पेन हलेना. खिडकीतलं ऊन मशीनवरून जमिनीवर उतरलं. मग माझ्या लेकीनं कागद ओढला. मला वाटलं, धीर देणारं काही लिहील, देवावर हवाला ठेव वगैरे. तिनं लिहिलं, "परीक्षेले फोन नेता येत नाही. म्हणजे तुझा फोन घरीच राहते. काकूसमोर लावून जा. इकडे माझ्या फोनसमोर माझी आई बसन. काही लागलं तर मावशीले वावरात फोन लावन."

मला न विचारता. एकदा मान वर करून पाहिलंसुद्धा नाही माझ्याकडे. लग्नसराई तोंडावर, शिवायचे ब्लाऊज ढिगानं, आणि ही परस्पर मला कामाला लावते. माझ्या तोंडात आलं होतं, पण पडद्यावर तो चटक्याचा हात कागदाच्या कडेला धरून बसला होता, घट्ट. मी उठले, लेकीच्या वहीवर माझा पंजा ठेवला, खडूनं पांढरा झालेला, सगळ्यांना दिसेल असा. तिकडचं टोपण उचललं गेलं.

पहिल्या पेपरच्या दिवशी पोरीनं बस धरायला निघण्याआधी स्टुलावर फोन लावला, चार्जरची वायर जोडली. आता चौकोनात हात नव्हता, अख्खी खाट होती. उशीला टेकलेली बाई माझ्याकडे पाहत होती. इतकी वाळली होती की ओळखायला मला क्षण लागला. मी म्हटलं, "ताई, मी आहे हो इथं. पाणी पाहिजे असलं तर डावा हात वर करा." तिनं डोळे मिटून उघडले. मग मला काही बोलायला सुचेना, तिला बोलता येईना. जिच्या बोलण्यापायी माझ्या हातून कितीतरी फॉल वाकडे लागले होते, ती गप्प, आणि मी बडबडी बाई मशीनवर मान खाली घालून. मी मशीन चालवली. ती ऐकत राहिली. दुपारी मावशी वावरातून आल्या, तिला भात भरवला, मला म्हणाल्या, "तुम्ही पण जेवा वं बाई." मी तिथंच मशीनवर डबा उघडला. तिच्या खाटेसमोर जेवल्यासारखंच झालं.

गणिताच्या दिवशी मी बाहीला हात घातला होता आणि वर पाहिलं तर ती काहीतरी शोधत होती. डावा हात स्टुलाकडे जायचा, थरथरायचा, परत पडायचा. मी विचारलं, पाणी का? डोळे मिटले नाहीत. औषध? नाही. लघवी? नाही. शेवटी तिच्या हाताला पोरीचं जुनं पेन लागलं. तिनं ते तोंडाशी नेलं, दातांनी टोपण उपसलं आणि हिरव्या चादरीवर, छातीवर, मला दिसेल असं ठेवलं.

हिवाळाभर ती खाटेवर पडून पाहत होती. पोरी कशा अडतात, कशा विचारतात, कोण कोणाला कसं सांगतं, सगळं तिनं शिकून घेतलं होतं, आणि आम्ही समजत होतो की ती झोपलेली आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरांना जे तिच्याकडून काढता आलं नव्हतं ते या पोरींच्या टोपणानं काढलं. मी मावशींना फोन लावला. मावशी पायाला माती घेऊन धावत आल्या. झालं काय होतं, तर दारातलं ऊन सरकत सरकत तिच्या डोळ्यांवर आलं होतं. एवढंच. मावशींनी खाट ओढली आणि ती शांत झाली. मी मात्र मशीन बंद करून हाताच्या ब्लाऊजमध्ये तोंड खुपसून रडले. वर पाहिलं तर ती डावा हात गोल गोल फिरवत होती, मशीनच्या चाकासारखा. चालवा म्हणत होती.

शेवटचा पेपर झाल्यावर पोरगी बसला जाण्याआधी आमच्याकडे जेवायला थांबली. मी तिला टोपणाचं सांगितलं. घास हातातच राहिला तिचा. मग म्हणाली, "काकू, मले वाटे तिले काही समजतच नाही. मी तिच्याशी बोलणंच सोडलं होतं." मी तिच्या ताटात भाजी वाढली. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं द्यायला.

मला वाटलं, आता सुटलो या पाच वाजताच्या भानगडीतून. सुट्या लागल्या, पोरी मोकळ्या. तर दुसऱ्या दिवशी पाच वाजता स्टीलचा गिलास टेबलावर आलाच.

"आता काहून वं? आता तर वह्या-पुस्तकं बांधून ठेवले ना?"

"काकूचा वर्ग आहे," लेक म्हणाली.

कुहीच्या चौकोनात कागद होता आणि उजवा हात. लुळा, बोटं आत वळलेली. पोरीनं त्या बोटांत पेन बसवून दिलं होतं आणि आपला हात काढून घेतला होता. बाकीच्या चौकोनांत पोरी बसल्या होत्या. एक मेंदी काढत होती, एक चित्र रंगवत होती, माझी लेक ब्लाऊजला हुका लावत होती, वाकड्या. कोणी तिच्याकडे पाहत असल्याचं दाखवत नव्हतं, आणि सगळ्या तिच्याचसाठी बसल्या होत्या. तो हात एक रेघ ओढायचा. रेघ कागदाबाहेर जायची. पुन्हा. अख्खा उन्हाळा रेघा चालल्या, मग गोल, मग अर्धा गोल. बाहेर नागपूरचं ऊन असं की पाच वाजताही गल्लीत कुत्रं फिरकत नव्हतं, आणि या पोरी कुलर सोडून टेबलाशी. मला यांचं काय करावं कळत नव्हतं. ओवाळावं की काय.

निकालाच्या दिवशी दुपारी मोबाइलवर ते चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, लेकीची नखं संपत आली. आधी हिचा निकाल आला. मग कुहीहून फोन. दोघीही पास, चांगल्या मार्कांनी पास. मी पेढे आणायला निघाले तर म्हणे, "आई, थांब. पाच वाजू दे."

पाच वाजता सगळे हात आले. मीही खुर्ची ओढून बसले, मांडीवर काळ्या कापडाचा तुकडा, हातात खडू. कुहीचा कागद कोरा होता. उजव्या हातात पेन आलं आणि एक उभी रेघ ओढली गेली, बऱ्यापैकी सरळ. त्या रेघेला डावीकडून काहीतरी जोडायचं होतं. पेन तिथं जायचं आणि अडायचं. दोनदा, तीनदा. मग डावा हात आला आणि त्यानं रेघेशेजारी टोपण ठेवलं.

काय लिहायचं होतं ते आमच्यापैकी कोणीही विचारलं नाही. मेंदी थांबली, रंग थांबले. गुबगुबीत हातानं कागद ओढला, नेलपॉलिशच्या हातानं ओढला, माझ्या लेकीनं ओढला, आणि मी खडूनं काळ्या कापडावर काढलं. सगळ्या चौकोनांत एकाच वेळी, मोठ्ठा, प.

तिनं पाहिलं. टोपण बाजूला केलं आणि रेघेला पोट जोडलं, थरथरतं, पण जोडलं. त्यावर आडवी रेघ दिली. पुढं काना. पुढच्या अक्षराला फार वेळ लागला, पण त्यासाठी तिनं टोपण ठेवलं नाही, आणि आम्हीही हात हलवला नाही. कागदावर 'पास' झालं तेव्हा तिच्या पोरीचा हात चौकोनात आला. हळद नव्हती त्याला त्या दिवशी. आईच्या बोटांतलं पेन त्यानं सोडवलं, टोपण लावलं, आणि पेन परत आईच्याच हातात ठेवलं.